जेवून उठल्या आणि म्हणाल्या, उपाशी आहे

आज आम्ही आमच्या गटाचीच एक चूक सांगणार आहोत.

गटातल्या एकीच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. शेजारच्या ओट्यावर बसून सांगायच्या, “सून खायला देत नाही. चंचीतले पैसेबी तिनंच काढले.” आम्ही खरं मानलं. ती हप्ता भरायला आली की आमचं बोलणं थांबायचं. एकीनं तर तोंडावर सुनावलं. नणंदा येऊन भांडून गेल्या. मग एक दिवस आजी एसटी स्टँडवर सापडल्या, माहेरी निघालेल्या. ते घर पडून वीस वर्षं झाली होती. तेव्हा कुठं त्यांना साताऱ्याला सिव्हिलमध्ये नेलं.

आजार निघाला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. आपण म्हातारचळ म्हणून सोडून देतो, पण हा मेंदूचा आजार आहे. २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. यात बहुतेक वेळा नवीन आठवण आधी जाते. जेवलेलं आठवत नाही, म्हणून माणूस उपाशी असतं. पैसे आपणच ठेवलेले असतात, जागा आठवत नाही, म्हणजे कुणीतरी नेले. आणि हाताशी कोण, तर सून! आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं.

जुनं मात्र बराच काळ टिकतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली सांगतील, सकाळचा चहा सांगता येणार नाही. पाटणकडच्या एक आजी पहाटे उठून सगळ्यांना हाका मारतात, “बाहेर या, भिंती पडतील!” कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटेच झाला होता. मुलगा आधी ओरडायचा, मग त्या रडायच्या, घर जागं. आता सून त्यांना घोंगडी पांघरून अंगणात नेते, पाच मिनिटं बसते, “थांबला बघा” म्हणते. आजी आत येऊन झोपतात.

आम्हीही तेच शिकलो. “आत्ताच जेवलात की!” असं म्हणायचं नाही. पोटभर एकदम न वाढता थोडं राखून ठेवायचं, मागितलं की द्यायचं. पैसे हरवले की बरोबर बसून शोधायचे. हातातलं काम काढून घ्यायचं नाही. शेंगा फोडू द्या, लसूण सोलू द्या, वाती वळू द्या. टरफलात दाणे गेले तर जाऊ देत. मशेरी मात्र नजरेआड ठेवा, लावलेली आठवत नाही, दिवसभर चालू राहते. न्हाणीत रात्री दिवा हवा. शेततळं, विहीर जवळ असेल तर जास्त सांभाळा. झंपरच्या आत फोन नंबर शिवून ठेवा आणि दूधवाल्याला, कंडक्टरला सांगून ठेवा. यात लाजायचं काय?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ सिनेमा मिळाला तर गटानं मिळून बघा. मोहन आगाशेंनी केलेले शास्त्रीबुवा हत्तीमागं निघून जातात आणि हत्तीवाली बाई त्यांना लेकरासारखं सांभाळते. तिला आजाराचं नावही माहीत नसतं.

हा आजार मुळातून बरा करणारं औषध नाही, तरी डॉक्टरला दाखवायचंच. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या यांनीही विसर पडतो आणि तो सुधारू शकतो. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. कान कमी ऐकतात का तेही बघून घ्या. आणि चांगलं माणूस एक-दोन दिवसांत बरळायला लागलं, तर वाट बघू नका. लघवीतल्या जंतूंनी किंवा तापानंही तसं होतं. ज्येष्ठांसाठी सरकारी मदतीचा फोन १४५६७.

राहिली ती सून. आम्ही तिची माफी मागितली, पण नुसत्या माफीनं तिची झोप भरून निघत नव्हती. नणंदांना बोलावून डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. आता एक नणंद दर महिन्याला चार दिवस राहायला येते. बाजाराच्या दिवशी आमच्यातल्या दोघी पाळीनं आजींजवळ बसतात. आजी आम्हालाही सांगतात, सून जेवायला देत नाही. आम्ही म्हणतो, “चला, दोघी मिळून खाऊ,” आणि सुनेनं झाकून ठेवलेली भाकरी काढतो.