बिनवापराची इंधनटाकी : निगा आणि निर्णय



बुऱ्हाणपूर शहरातील सिंधीपुरा ही तापीकाठच्या या ऐतिहासिक नगरीतील एक जुनी वस्ती आहे. शहराभोवतीचा परिसर केळीच्या पिकासाठी प्रसिद्ध असून महाराष्ट्राच्या बाजूस रावेर, सावदा, यावल हा भागही केळीचाच आहे. झाडावरून उतरविलेला घड फार काळ थांबत नाही. तो वेळेवर बाजारात पोहोचला तरच शेतकऱ्याच्या पदरात दोन पैसे पडतात. त्यामुळे या मुलखात पूर्वी बैलगाडीला जे स्थान होते ते आता छोट्या मालवाहू गाडीला, म्हणजे पिकअपला, प्राप्त झाले आहे. गाडी जुनी झाली तरी मालक तिला सहजासहजी मोडीत काढीत नाही, आणि चालू स्थितीतील गाडी राखणे हे योग्यही आहे. तथापि जुन्या गाडीबरोबर काही जुन्या गोष्टीही मालकाकडे येतात. त्यांपैकी एका दुर्लक्षित गोष्टीचा विचार येथे करावयाचा आहे. ती म्हणजे वापरात नसलेली दुसरी इंधनटाकी.

दुसरी टाकी आली कोठून?

इंधनाचे पंप दूरदूर होते तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्यांना जादा टाकी बसविण्याची पद्धत पडली. कित्येक गाड्यांचे मूळचे पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसविण्यात आले; नवी टाकी आली, पण जुनी चेसिसला तशीच लटकत राहिली. अलीकडे सीएनजीवर चालविल्या जाणाऱ्या गाड्यांत पेट्रोलची टाकी असते, पण महिनोन् महिने तिच्यातील पेट्रोल हलत नाही.

एका यंत्राला दोन टाक्या ही गोष्ट शेतकऱ्याला नवी नाही. विहिरीवरील जुनी रॉकेलची इंजिने पेट्रोलवर सुरू करीत आणि इंजिन तापले की कॉक फिरवून रॉकेलवर नेत. त्या दोन्ही टाक्या रोजच्या वापरात असत, म्हणून त्यांची देखभालही रोज होई. जी टाकी वापरली जाते तिच्यातील गळती, गंज, सैल पट्टा चटकन ध्यानात येतो. वापराबाहेर गेलेल्या टाकीकडे कोणी वाकूनही पाहत नाही. आणि मालक तिला रिकामी समजत असला तरी बहुधा ती पूर्ण रिकामी नसते.

बंद टाकीत काय घडते?

टाकीला हवा आत-बाहेर होण्यासाठी एक बारीक वाट असते. दिवसा टाकी तापते, आतील हवा प्रसरण पावून बाहेर पडते. रात्री टाकी थंड होते व बाहेरची दमट हवा आत शिरते. या हवेतील बाष्प थंड पत्र्यावर जमून त्याचे पाणी होते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. जेवढी टाकी मोकळी तेवढी हवा अधिक, म्हणून पाव भरलेल्या टाकीत भरलेल्या टाकीपेक्षा जास्त पाणी जमते. या पाण्यामुळे पत्रा आतून गंजतो. इतकेच नव्हे, तर पाणी आणि डिझेल जेथे एकमेकांस भिडतात तेथे सूक्ष्म जीव व बुरशी वाढून काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. कित्येक महिन्यांनी कोणी कॉक उघडला की हा गाळ आणि गंज फिल्टरमध्ये येऊन बसतो व भरल्या गाडीसह इंजिन वाटेत बंद पडते.

पेट्रोलची तऱ्हा थोडी वेगळी आहे. त्यातील हलका अंश उडून जातो व उरलेल्याचा चिकट थर जमतो. भारतात २०२५ सालापर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल ओलावा शोषून घेते. ओलावा मर्यादेबाहेर गेला की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी उतरतात. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या अशा मिश्रणासाठी बनविलेल्या नसल्याने त्या फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. बंद टाकीच्या नळीकडे कोणाचे लक्ष नसल्याने हा दोष गळती होईपर्यंत उघडकीस येत नाही.

नळ्यांची जोडणी

डिझेल इंजिनात पंपाकडे गेलेले सर्व इंधन जळत नाही. उरलेले इंधन परतीच्या नळीने टाकीत येते. दोन टाक्या असतील तर इंधन घेण्याची आणि परत सोडण्याची अशा दोन्ही वाटा एकाच वेळी बदलल्या पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी फक्त घेण्याच्या वाटेवर कॉक बसविलेला आढळतो. मग इंधन एका टाकीतून घेतले जाते आणि उरलेले दुसरीत साठत जाते. मालकाला वाटते की गाडी फार इंधन खाते. प्रत्यक्षात ते बंद टाकीत जाऊन झाकणावाटे रस्त्यावर सांडत असते. अमेरिकेत १९९३ साली दोन टाक्यांच्या काही पिकअप गाड्या निर्मात्यास दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, त्याचे कारण याच जातीचे होते : एका टाकीतील इंधन दुसरीत परत जाई व ती भरलेली असल्यास ओसंडून वाहण्याचा संभव होता. कारखान्यातून आलेल्या जोडणीत असे होऊ शकते, तर गॅरेजमध्ये केलेल्या जोडणीची तपासणी किती आवश्यक आहे हे सांगावयास नको.

याउलट कॉक झिजला असेल तर इंजिन रिकाम्या टाकीतून हवा ओढते. डिझेल इंजिनाच्या नळ्यांत हवा शिरली की ती काढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. असीरगडच्या चढावर केळी भरलेली गाडी अशी अडली तर नुकसान कोणाचे, हे प्रत्येक जण जाणतो.

रिकामी टाकी आणि वेल्डिंग

सर्वांत गंभीर धोका याहून वेगळा आहे. चेसिसचा एखादा ब्रॅकेट तुटतो, गाडी वेल्डिंगच्या दुकानात जाते आणि कारागीर विचारतो, “टाकीत काही आहे का?” मालक सहज उत्तर देतो, “नाही, ती केव्हाची रिकामी आहे.” हे उत्तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. द्रवरूप पेट्रोल स्वतः पेट घेत नाही, त्याची वाफ पेट घेते. हवेत या वाफेचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असले की एक ठिणगी स्फोटास पुरेशी होते. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते; ओंजळभर पेट्रोल उरलेल्या टाकीत मात्र वाफ आणि हवा दोन्ही असतात. डिझेल सहजी पेटत नाही हे खरे. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने तळाच्या गाळातूनही पेटणारी वाफ निघते. म्हणून टाकी धुतल्याशिवाय तिच्यावर किंवा तिच्याजवळ वेल्डिंग, गॅस कटिंग वा ग्राइंडिंग करू नये आणि कोणाला करू देऊ नये.

निर्णय कसा घ्यावा?

मालकापुढे तीन मार्ग आहेत. त्यांतील कोणताही एक पूर्णपणे स्वीकारावा. अर्धवट अवस्था ठेवू नये.

पहिला मार्ग टाकी वापरात आणण्याचा. टाकी साफ करून नळ्या, होज क्लिपा, झाकण, काटा आणि दोन्ही वाटांचा कॉक तपासून घ्यावा. पंधरवड्यातून एकदा तरी गाडी त्या टाकीवर चालवावी व महिन्या-दोन महिन्यांत तिच्यातील इंधन संपवून नवे भरावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी तळाचा बोल्ट किंचित सैल करून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे. पाणी असल्यास ते खाली वेगळे दिसते. पावसाळ्यात ही तपासणी अधिक वेळा करावी. सीएनजीच्या गाडीतही थोडेच पेट्रोल ठेवून ते नियमाने वापरावे.

दुसरा मार्ग टाकी जागेवर ठेवून योग्य रीतीने बंद करण्याचा. हे काम जाणत्या मिस्त्रीकडून, उघड्या हवेत, इंजिन थंड असताना करावे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. विडी, सिगारेट, चूल, दिवा जवळ असू नये. इंधन धातूच्या झाकणाच्या डब्यात काढावे. पेट्रोल प्लास्टिकच्या बादलीत काढू नये. नळी तोंडाने ओढून इंधन काढण्याची सवय घातक आहे. टाकी धुऊन व वाळवून घ्यावी. घेण्याची व परतीची अशा दोन्ही नळ्या सोडवून त्यांची तोंडे पक्क्या बुचांनी बंद करावीत. केवळ कॉक बंद करणे पुरेसे नाही. हवेची वाट मात्र बुजवू नये. काट्याच्या तारांची टोके झाकावीत आणि टाकीवर “बंद” असे ठळक रंगवावे, म्हणजे पंपावरील माणूस चुकून तीत इंधन भरणार नाही.

तिसरा मार्ग टाकी काढून टाकण्याचा. पत्रा गंजला असेल, पट्टे तुटत आले असतील किंवा पुढे उपयोगच नसेल तर हाच मार्ग श्रेयस्कर. ५० लिटर डिझेलचे वजन सुमारे ४० किलो भरते. एवढा भार कुजक्या पट्ट्यावर लटकत ठेवणे रस्त्यावरील इतरांसही धोक्याचे आहे. काढलेली टाकी पाणी किंवा धान्य साठविण्यास कधीही वापरू नये. भंगारात देतानाही ती धुऊन, तीत काय होते हे सांगूनच द्यावी.

काढलेल्या इंधनाचे काय करावे?

बिघडलेले इंधन चालू टाकीत ओतू नये. ते स्टोव्हमध्ये, कंदिलात किंवा चूल पेटविण्यास वापरणे तर प्राणघातक ठरेल. तेलकट गाळ व धुण्याचे पाणी गटारात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. ते साठवून टाकाऊ तेल घेणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडे सोपवावे. बुऱ्हाणपूरकरांना याचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. सन १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भूमिगत बोगदे आणि कुंड्यांच्या रांगेतून केवळ उताराच्या बळावर या शहरास मिळाले. जमिनीत मुरलेले पाणी किती दूर आणि कोणाच्या घागरीत पोहोचते, हे कुंडी भंडारा चारशे वर्षे दाखवीत आला आहे. जमिनीवर ओतलेले तेलही त्याच वाटेने जाऊ शकते.

कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशील मूळ बनावटीहून भिन्न होईल असा फेरबदल मालकास स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. टाकी कारखान्याने बसविलेली होती की नंतर कोणी जोडली, हे मालकाने नोंदणी पुस्तिका व परिवहन कार्यालय यांच्याकडून पाहून घ्यावे. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र दर वर्षी घ्यावे लागते. त्या तपासणीपूर्वीच टाकीचा निर्णय झालेला बरा. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही गाडीखाली वाकून टाक्या किती, चालू किती आणि नळ्या कोठे जातात हे विचारावे.

शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना वाफ, घनता व बाष्पाचे पाणी होणे हे धडे या एका उदाहरणाने शिकविता येतील. मुले घरी जाऊन वडिलांना विचारतील, “आपल्या गाडीची दुसरी टाकी खरोखर रिकामी आहे का?” त्या प्रश्नाचे उत्तर तर्काने न देता बोल्ट सोडवून, प्रत्यक्ष पाहून द्यावे. तेवढ्यानेही एखाद्या वेल्डरचा जीव आणि एखाद्या शेतकऱ्याचा माल वाचू शकेल.