उडणारा एक, ओढणारे आठ

वारा सुटला की आपण काय करतो? पत्र्यावर दगड ठेवतो, वाळवण आत घेतो. आज अशा लोकांविषयी बोलूया, जे वारा सुटला की विमान बाहेर काढतात. तेही बिनइंजिनाचं!

त्याला ग्लायडर म्हणतात. आपल्या पुण्यात हडपसरलाही ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे यंत्राने दोर ओढून ग्लायडर वर चढवतात. पण आज जाऊया इंग्लंडमध्ये, श्रॉपशर भागातल्या लाँग मिंड डोंगरावर. माथा सुमारे 1,700 फूट उंच, वर मेंढ्या चरतात. 1934 सालापासूनचा मिडलंड ग्लायडिंग क्लब तिथे आहे.

पश्चिमेचा वारा या डोंगरावर आदळतो आणि उतारावरून वर चढतो. घाटात कड्यापाशी घार पंख न हलवता तरंगते ना, ती अशाच वाऱ्यावर. चांगला वारा असला की इथे यंत्रही लागत नाही. ग्लायडर उताराच्या कडेला वाऱ्याकडे तोंड करून ठेवतात. नाकाला जाड रबरी दोर अडकवतात, त्याची दोन टोकं दोन बाजूंना. एकेका टोकाला तीन-चार माणसं. मागे एकजण शेपूट धरून बसतो, एकजण पंख सावरतो. ओढणारे आधी चालतात, मग उताराने पळत सुटतात. दोर ताणला की शेपूट सोडतात, आणि ग्लायडर दरीवर! दोर आपोआप गळून पडतो.

वर गेल्यावर नियम कडक. वळायचं ते दरीकडे, डोंगराकडे कधीच नाही. डोंगरामागे तोच वारा खाली दाबतो. उतरताना तर जास्त जपायचं. जमिनीजवळ वारा एकदम मंदावतो, तसा पंखांचा आधार कमी होतो. म्हणून वाऱ्याच्या दिवशी मुद्दाम जास्त वेगाने खाली येतात. मला हे उलटंच वाटलं होतं, पण कारण कळलं की पटतं.

आणि टेकलं म्हणजे झालं नाही. दोन माणसांच्या काही ग्लायडरचे पंख सुमारे 16 मीटर, म्हणजे बावन्न फूट लांब. वजन मात्र तीनशे किलोच्या आसपास. वारा ते उभ्या जागी उलटवू शकतो. म्हणून कुणीतरी धावत येऊन वाऱ्याकडचा पंख दाबून धरतो. मगच आतला माणूस उतरतो.

मला सगळ्यात आवडली ती एक पद्धत. ग्लायडर सुटण्याआधी मैदानावरच्या कुणालाही काही चुकीचं दिसलं, तर त्याने ‘स्टॉप’ ओरडायचं. काल आलेला शिकाऊ असला तरी. लगेच सगळं थांबतं, विचारपूस नंतर. आपल्या बैठकीत कर्जाचा ठराव पुढे सरकत असताना कोपऱ्यातली नवी सून असं ओरडेल का? आणि ओरडली तर अध्यक्षताई थांबतील का?

काही दिवशी वारा इतका वाढतो की कुणीच उडत नाही. तेव्हा ग्लायडर ढकलत शेडमध्ये नेतात, दोघं-तिघं पंखांना लटकल्यासारखे. सकाळी उडालेलाही त्यात असतो, आणि ज्याची पाळी हुकली तोही.