करार संपला, पण घर रिकामं होईना

अकरा महिन्यांचा करार संपतो आणि राहणारा हलत नाही. किंवा करार एकाशी झालेला, आणि बेल वाजवल्यावर दार उघडतो भलताच माणूस. घरमालकाचा संताप मला समजतो, पण कुलूप बदलू नका, सामान जिन्यात काढू नका. बळजबरीनं बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि मग घरमालकच अडचणीत येतो. पाणी-वीज तोडणं तर माणुसकीलाही धरून नाही; घरात लहान मुलं असतात.

मार्ग आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 24 नुसार, राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्यानं बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर घर सोडण्याचा आदेश निघू शकतो. मुदतीनंतरच्या मुक्कामासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं भरपाईही द्यावी लागते.

पण हे सगळं उभं राहतं लेखी करारावर. त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी कलम 55 नं घरमालकावरच टाकली आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जाऊ शकतं. म्हणून किल्ली देण्याआधी नोंदणी उरका, आणि घरात कोणकोण राहणार, त्या प्रत्येकाचं नाव करारात लिहून घ्या.