पदवी आणि हातचे कसब



यंदा दहावी झालेल्या माझ्या नातीला यंत्रमानव बनवायचे आहेत. घरात एकच घोर: पदवीवाचून निभाव लागेल का?

लक्ष्मणराव किर्लोस्करांजवळ इंजिनियरिंगची पदवी नव्हती. रंग नीट ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली. यंत्रांची आरेखने शिकले, बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, लोखंडी नांगर केले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पदवी नव्हती, शिकणे मात्र अखंड होते.

यंत्र जोडायला, दुरुस्त करायला आपल्या रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनातली तीन वर्षांची पदविका पुरते. नवे रचायचे तर गणित खोल हवे. पण पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वाट बंद होत नाही. म्हणून मी घरी सांगितले, पोरीच्या हाती आधी पान्हा येऊ द्या!