तलावाकाठी झाड लावण्यापूर्वी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 आम्ही वनस्पतिशास्त्राचे पंडित नाही. उलट, आमची पहिली लागवड पार फसली. त्या फसगतीने जे शिकविले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा आपला तलावांचा मुलूख. कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी उताराचे पाणी ओळखून मातीची पाळ घातली आणि हे तलाव उभे केले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. परंतु दरवर्षी गाळ कोणी काढावा, पाळ कोणी बुजवावी, हा प्रश्न मात्र बेवारस राहिला. तलाव उथळ होत गेले आणि त्यांत बेशरम शिरली. हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. त्याची मोडलेली फांदी ओल्या मातीत पडली तरी मुळे धरते. ते विषारी असल्याने जनावरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून ते फोफावते आणि इथल्या वनस्पतींची जागा बळकावते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावतलावाची बेशरम उपटली आणि ५ जूनला, पर्यावरण दिनी, त्या जागी रोपे लावली. जी मिळाली ती लावली: गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी. छायाचित्रे काढली, चहापान झाले. भाद्रपदात जाऊन पाहतो तो निम्मी रोपे पाण्याखाली. उरलेली शेळ्यांनी खाल्ली. दिवाळीपर्यंत उपटलेल्या बेशरमेला नवे फुटवे आले होते. सभासदांच्या वर्गणीचा पैसा असा पाण्यात गेला.

त्या दिवशी काठावर जाळे सुकविणाऱ्या ढिवर समाजातील एक आजी आम्हाला म्हणाल्या, “पोट्टेहो, पाणी कुठवर येते ते पाह्यलं होतं का?” आम्ही पाहिले नव्हते. सगळी चूक त्या एका प्रश्नात होती. रस्त्याच्या कडेला झाड लावताना आपण सावली पाहतो. सम्राट अशोकानेही वाटेवर वड लावले ते माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून, असे त्याचा शिलास्तंभ सांगतो. तलावाच्या काठी मात्र आधी पाणी पाहावे लागते.

दुसऱ्या खेपेस आम्ही त्या आजींना सोबत घेतले. पावसाळ्यात पाणी जिथवर चढते तिथे दगड रोवले. उन्हाळ्यात ते जिथवर उतरते तिथेही खूण केली. या दोन खुणांमुळे काठाचे तीन पट्टे पडले.

पहिला पट्टा वरच्या खुणेच्या बाहेरचा. इथे जांभूळ, करंज, उंबर लावावेत. जांभळाचे बी फार दिवस टिकत नाही. फळ खाल्ले की लगेच पेरावे. करंजाला शेळ्या फारशा खात नाहीत, जांभळाला मात्र काट्यांचे कुंपण हवेच.

दुसरा पट्टा पाण्याच्या वरच्या खुणेलगतचा. काही दिवस मुळाशी पाणी साचले तरी अर्जुन आणि कळंब तग धरतात. झुडपांत निर्गुडी उत्तम. तिच्या फांद्या लावल्या तरी जगतात आणि जनावरे तिला टाळतात. वाळ्याच्या गवताची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. शेतातून वाहून येणारा गाळ इथेच अडतो.

तिसरा पट्टा दोन खुणांच्या मधला. इथे झाड नकोच. इथली मालकी देवधान, लव्हाळा आणि कमळाची. या पाणवनस्पतींत मासे अंडी घालतात, पिल्ले लपतात. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या बायकांनी बेशरम काढून, तलावाची माती मोकळी करून अशा देशी पाणवनस्पती स्वतःच्या हातांनी लावल्या आहेत. तलावात मासळी राहिली तर चूल पेटते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आणखी दोन गोष्टी सांगणे आम्हास आवश्यक वाटते. एक, पाळीवर मोठे झाड लावू नये. ते मेले की कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी झिरपते आणि पाळ फुटण्याची भीती राहते. दुसरी, सगळा काठ झाडांनी झाकू नये. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. त्याला उथळ पाणी आणि मोकळी जागा लागते. काही काठ उघडा ठेवणे हीसुद्धा लागवडच होय.

पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झाला. त्या यादीत महाराष्ट्रातील पहिले नाव आले ते नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरचे. परंतु आपल्या गावचा तलाव कोणत्याही यादीत नसला तरी तो पाणथळच आहे. त्याचे राखणदार आपणच.

आमची दुसरी लागवड सगळी जगली असे आम्ही म्हणणार नाही. जांभळे बरीच मेली. निर्गुडी मात्र दाट झाली आहे, अर्जुन माणसापेक्षा उंच झाले आहेत. बेशरम अजून येते आणि दर उन्हाळ्यात आम्हाला ती मुळासकट काढावी लागते. हे काम एका दिवसाचे नाही.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एवढीच विनंती. पुढच्या ५ जूनला खड्डे खणण्याची घाई करू नका. यंदाच्या पावसाळ्यात एकदा आणि येत्या उन्हाळ्यात एकदा आपल्या तलावाला फेरी मारा. पाण्याच्या खुणा रोवा. सोबत गावातील मासेमार बायाबापड्यांना घ्या आणि त्यांनी सांगितलेली झाडांची, गवतांची नावे वहीत उतरवा. बी जमवा. मग रोप लावा.