अंतर किलोमीटरचे, हिशेब मिनिटांचा
(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



प्रादेशिक हवाई संपर्काचा अभ्यास करताना आपण बहुधा विमानतळांची संख्या पाठ करतो. परंतु या विषयाचे मर्म अंतर आणि वेळ यांच्या संबंधात दडलेले आहे. तो स्पष्ट व्हावा म्हणून आज एकाच मार्गाचे उदाहरण घेऊ : इंफाळ ते शिलाँग.

मणिपूर आणि मेघालयाच्या या राजधान्यांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे 220 किलोमीटर आहे. तथापि, मध्ये डोंगररांगा असल्याने रस्त्याने हा प्रवास सुमारे 12 तासांचा होता. दुसरा पर्याय विमानाने गुवाहाटी गाठून तेथून रस्त्याने शिलाँगला जाण्याचा. ईशान्य भारतातील एक प्रमुख केंद्रीय विद्यापीठ व मोठी वैद्यकीय संस्था शिलाँगमध्ये आहे, हे ध्यानात घेतल्यास विद्यार्थी आणि रुग्ण यांच्या दृष्टीने या विलंबाचा अर्थ कळतो. जुलै 2021 मध्ये ‘उडान’ योजनेअंतर्गत थेट सेवा सुरू झाली. त्या वेळी इंफाळहून शिलाँगसाठी 60, तर परतीसाठी 75 मिनिटे जाहीर करण्यात आली होती.

येथे एक प्रश्न उद्भवतो. या मार्गावरील एटीआर-72 हे पंख्याचे विमान ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने 220 किलोमीटरला जेमतेम 27 मिनिटे पुरावयास हवीत. मग वेळापत्रकात दुपटीहून अधिक वेळ का? कारण वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंत मोजली जाते. धावपट्टीपर्यंतचा प्रवास, उंची गाठणे, डोंगराळ भागात ठरावीक मार्गानेच उतरणे, वारा व ढगाळ हवामान यांचा त्यात समावेश होतो. शिवाय शिलाँगचा उमरोई विमानतळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर असून त्याची धावपट्टी सुमारे 1,800 मीटरचीच आहे. त्यामुळे तेथे प्रामुख्याने लहान विमानेच उतरत आली आहेत.

यातूनच आर्थिक प्रश्न निर्माण होतो. उड्डाण आणि चढण यांत इंधन अधिक जळते. अंतर कमी असले की हा खर्च थोड्याच किलोमीटरवर विभागला जातो. म्हणजेच लहान मार्ग प्रति किलोमीटर महाग पडतो. ऑक्टोबर 2016 मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत म्हणूनच सुमारे एक तासाच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे 2,500 रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्यात आले आणि कंपनीची तूट भरून काढण्यासाठी तीन वर्षे व्यवहार्यता तफावत निधीची तरतूद झाली.

हा आधार पुरेसा ठरला काय? भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या 2023 च्या अहवालानुसार, पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनीच तीन वर्षांचा कालावधी पूर्ण केला आणि मार्च 2023 पर्यंत त्यांतील केवळ 54 टिकून होते.

म्हणून कोणत्याही प्रादेशिक मार्गाचे मूल्यमापन करताना तीन बाबी तपासाव्यात : घरापासून मुक्कामापर्यंत एकूण किती वेळ वाचतो, सामान्य प्रवाशाला भाडे परवडते काय आणि अनुदान संपल्यावरही सेवा नियमित राहते काय. उपचारासाठी निघालेल्या रुग्णाला वाचलेल्या वेळेचा लाभ तेव्हाच होईल, जेव्हा ठरलेल्या दिवशी विमान खरोखर सुटेल.