शेतांतलें तण आणि वाफ्यांतलें तण



'तण खाई धन' ही म्हण आपल्यापैकीं कोणास ठाऊक नाहीं? पण तें धन कोणाच्या पाठीवर राखलें जातें, याचा विचार आपण क्वचितच करितों. नांगर पुरुषाचा, पाभर पुरुषाची, आणि खुरपें मात्र बाईचें, अशी वांटणी आपण करून ठेविली आहे. चिखलांत उकिडवें बसून दिवसभर पुढें सरकणें ज्यानें एक दिवस केलें असेल, तो खुरपणीस हलकें काम म्हणणार नाहीं. म्हणून तण कसें आवरावें, हाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

शेत आणि घरामागचा भाजीचा वाफा यांस एकच उपाय लागूं पडत नाहीं. शेत एकरांनीं मोजावयाचें. तेथें एकेक काडी हातानें उपटूं म्हटलें तर हंगाम निघून जाईल. शेतांतल्या तणाचा बंदोबस्त पेरणीच्याच दिवशीं होतो. पाभरीनें सरळ ओळींत पेरलें, म्हणजे ओळींमधून कोळपें चालतें. रब्बी ज्वारी दीड फुटावर पेरून तिसऱ्या, पांचव्या आणि आठव्या आठवड्यांत कोळपली, म्हणजे तण तर मरतेंच, शिवाय भेगा बुजून जमिनींतली ओल टिकते. खुरप्यास मग ताटांच्या मधलें तेवढेंच उरतें. फेकून पेरलेल्या शेतांत कोळप्यास वाट नाहीं. तेथें सगळा भार बाईच्या कमरेवर येतो. ज्यांच्या दावणीस आज बैल उरले नाहींत, त्यांनीं गांवच्या लोहाराकडून जुन्या सायकलीच्या चाकाचें हातकोळपें करून घ्यावें. तें उभ्यानें चालवितां येतें, आणि लोहाराच्या हातासही काम मिळतें.

हराळी ओलींत नांगरून तोडली, तर तिचा तुकडा तुकडा नव्यानें फुटतो. उन्हाळ्यांत खोल नांगरट करून तिच्या काशा वेचाव्या, आणि बांधावर न टाकतां वाळवून जाळाव्या. लव्हाळ्याचा शेंडा कितीही खुरपा, खालच्या गांठी पुन्हां फुटतात. त्या गांठीही उन्हाळ्यांत वर काढून उन्हांत वाळविल्या पाहिजेत.

आतां वाफ्याकडे वळूं. तेथें रोजचें पाणी आणि खत भाजीबरोबर तणासही पोसतें. कांद्याचीं पानें उभीं आणि बारीक. तीं जमिनीवर सावली धरीत नाहींत, म्हणून तण त्याच्या डोक्यावर चढतें. यास युक्ति सोपी आहे. वाफा तयार करून पाणी द्यावें, आठदहा दिवस थांबावें, उगवलेलें तण वरच्यावर खरवडून काढावें, आणि मग बी टाकावें. खोल खणूं नये. खणलें तर खालचें तणाचें बी वर येतें. वांग्या-मिरचीच्या रोपांमध्यें वाळलेला पाला किंवा उंसाचें पाचट पसरावें. शेणखत पुरतें कुजलेलें असावें. कच्च्या खतांतून तणाचें बी आपणच पेरीत असतों. गाजरगवत तर फूल येण्यापूर्वींच उपटावें, आणि उपटतांना हात झांकावे, कारण त्यानें अंगास खाज सुटते. पुण्यांत १९५५ सालीं लक्षांत आलेलें हें गवत आज गांवोगांव पसरलें आहे.

कोणी म्हणतील, आतां तणनाशक आलें आहे, एवढा खटाटोप कशाला? आम्ही औषधाचे वैरी नाहीं. ज्वारी आणि मका यांस ॲट्राझीन पचविण्याची शक्ति आहे, म्हणून त्यांच्या शेतांत तें चालतें. भाजीच्या वाफ्यांत तेंच औषध भाजीस मारील. आमचीच फजिती सांगतों. गव्हांत टू-फोर-डी मारलेला पंप आम्हीं नुसता पाण्यानें खळखळून घेतला आणि त्याच पंपानें मिरचीवर किडीचें औषध फवारलें. थोड्याच दिवसांत पानें वळलीं, शेंडे वांकडे झाले, आणि वाफा हातचा गेला. दोष दुकानदाराचा नव्हता, आमच्या आळसाचा होता. तणनाशकाचा पंप निराळाच ठेवावा, आणि शेजाऱ्याच्या भाजीकडे वारा वाहत असतां तो हातींही धरूं नये.

तात्पर्य हें कीं, शेतांतलें तण सरळ ओळीनें आणि वेळेवरच्या कोळप्यानें जिंकावें. वाफ्यांतलें तण रोज थोडा हात फिरवून जिंकावें. तो हात एकट्या बाईचा नसावा. पाणी सोडणाऱ्या पुरुषानें वाफ्याशीं उभें असतांना चार काड्या उपटल्या, तर त्याची मिशी खालीं येत नाहीं! आणि जी मजुरीनें खुरपते, तिला पुरुषाइतकें दाम मोजून द्यावें. धन राखणाऱ्या हातास धनाचा वांटा मिळालाच पाहिजे.